आवरायची राहून गेलेली बाग

एका जंगलात, मुलांनो, एक सशीण भरदुपारी टक्क जागी होती.

तुम्हाला वाटेल, दुपारी जागं असण्यात काय विशेष. पण ससे दिवसा झोपतात. दुपारचे बारा म्हणजे त्यांच्यात अगदी गाढ झोपेची वेळ. त्या वेळी जागं कोण असतं? एक तर आजारी ससा, नाहीतर नुकतीच आई झालेली सशीण. ही दुसऱ्या प्रकारातली होती.

तिचं नाव सुरंगी. तिच्या कुशीत तिची मुलगी कणी झोपली होती आणि सुरंगी बसल्या बसल्या तिच्या बरगड्या मोजत होती. मोजायला काही अवघड जात नव्हतं. दुःख तेच होतं.

कणी खात नसे. दूर्वा नकोत, कोवळा पाला नको, शेंगा नकोत. जबरदस्तीने तोंडात घातलेलं ती गालात धरून बसायची आणि तासाभराने जसंच्या तसं परत द्यायची. सशाचं पोर आणि पाला खात नाही, हे बाहेर सांगायचीही सोय नव्हती. सुरंगीने एकदा मैत्रिणींमध्ये सांगून पाहिलं. त्यावर तिघी एकदमच म्हणाल्या, "आमचा तर मागून मागून खातो."

कणीच्या बाबांनाही तिने सांगितलं होतं. ते म्हणाले, खाईल गं. आणि कूस बदलून झोपले.

आता नुसतं खात नाही म्हणून कोणी एवढं जागत नाही. पण त्या जंगलात एक रेघ होती.

ओढ्याकाठच्या उंबराच्या एका फांदीला वेलींची झोळी बांधलेली होती. दर पौर्णिमेला, चंद्र वर येता येता, सगळ्या आया आपापली पिल्लं घेऊन तिथे रांगेत उभ्या राहत. पिल्लाला झोळीत बसवायचं आणि फांदी किती वाकते ते बघायचं. शेजारच्या खडकावर एक रेघ मारलेली होती. फांदी वाकून रेघेपर्यंत आली की पिल्लू उत्तम. रेघेच्या वरच राहिली की आईकडे सगळे बघत.

हे काम इंदुताई नावाची वानरीण करी. स्वभावाने चांगली होती. पण फांदी वाकली नाही की ती जीभ टाळूला लावून एक बारीकसा आवाज काढायची. तो आवाज सुरंगीला झोपेतही ऐकू येई. म्हणजे झोप लागली असती तर आला असता.

प्रत्येक पिल्लाला तीन पौर्णिमांची संधी असे. तिसऱ्या पौर्णिमेलाही फांदी वरच राहिली, तर पिल्लू नदीपलीकडच्या सुपोषण शिबिरात ठेवायचं असा नियम होता. हे शिबिर कोल्हेसर चालवत. शिबिराचा निकाल शंभर टक्के होता. तिथे गेलेलं एकही पिल्लू बारीक होऊन परत आलं नव्हतं. तसं पाहिलं तर कुठलंच पिल्लू परत आलेलं कोणी पाहिलं नव्हतं, पण तिथे ती रमली असणार असं सगळे म्हणत. शिबिराच्या दारावर एक फलक होता. त्यावर आजवरच्या सगळ्या पिल्लांची नावं सुवाच्य अक्षरांत लिहिलेली होती. आईला मात्र तिथे भेटायला जाता येत नसे. आईच्या काळजीनेच पिल्लाची भूक मरते, असा सरांचा अभ्यास होता. खडकावरची रेघही त्यांनीच आखून दिली होती.

पहिल्या पौर्णिमेला कणीची फांदी रेघेच्या तीन बोटं वर राहिली. इंदुताईने तो आवाज काढला.

तेव्हा सुरंगीने एक शंका विचारली होती. शिबिर चालवायला कोल्हाच का, असं.

इंदुताई म्हणाली, "सुरंगी, तू फार विचार करतेस."

हे खरं होतं. म्हणून तर सुरंगी गप्प बसली. तिला खरोखरच कशाचीही काळजी वाटायची. कणीचा डावा कान उजव्यापेक्षा लांब आहे की काय. दव फार गार असतं का. आपण कणीजवळ हळू आवाजात बोलतो म्हणून ती मोठेपणी बुजरी होईल का. इतक्या साऱ्या खोट्या काळज्यांच्या गर्दीत एखादी खरी आली, तर ती ओळखायची कशी, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. आणि ती तर चांगली शिकलेली होती.

तर मुलांनो, शिकलेली आई अशा वेळी काय करते? कार्यशाळेला जाते.

परसबागेची कार्यशाळा भारद्वाज सर घेत. लाल डोळे, तपकिरी पंख आणि पावलं मोजून टाकल्यासारखी चाल. सर म्हणाले, जे पिल्लू स्वतः पिकवतं, ते पिल्लू आवडीने खातं. सुरंगीला हे फार पटलं. त्याला एक ताल होता. सर स्वतः किडे खात, पण भाजीचा त्यांचा व्यासंग दांडगा होता.

जंगलात भाजी लावायची, तर आधी तेवढ्यापुरतं जंगल काढावं लागतं. सुरंगीच्या बिळामागे घोळ होती, टाकळा होता, कुरडू होता, आघाडा होता. हे सगळं कोणी न लावता उगवलेलं होतं, म्हणजे बेशिस्त होतं. सरांनी त्या सगळ्याला मिळून एकच नाव दिलं, तण. एकच नाव असलं की उपटायला सोपं जातं.

सुरंगीने उपटायला घेतलं. पण उपटलेलं टाकायचं कुठे? कुंपणापलीकडे येसूआत्या राहत. त्या साळिंदर होत्या, वयस्क, आणि पाठीवर काटे असल्यामुळे लोक त्यांच्याशी जरा अंतर ठेवूनच बोलत. सुरंगीने संकोचत विचारलं, "आत्या, हा कचरा तुमच्या बाजूला टाकला तर चालेल का?"

"टाक की," आत्या म्हणाल्या. "रोज टाक."

आत्यांचं मन किती मोठं, असं सुरंगीला वाटलं.

मग तिने चार वाफे केले. एक मुळ्याचा, एक पालकाचा, एक मेथीचा आणि एक खास कणीचा. कोपऱ्यात काटक्यांचा मांडव उभारून दोडक्याचा वेल सोडला. हे सगळं एकटीने करताना तिचे पंजे सोलवटले, कंबर धरली. सकाळी बिळात आली की ती आडवी पडायची ती थेट दिवेलागणीलाच उठायची. गेल्या कित्येक दिवसांत ती अशी झोपली नव्हती. झोपेमुळे तिला अपराधी वाटे, पण ते वाटून घ्यायलाही जाग यायची नाही.

कणीने आपल्या वाफ्यात मुळ्याच्या पाच बिया पेरल्या. त्या उगवल्या का, ते बघायला ती त्या रोज उकरून काढायची. एका पांढऱ्या खड्यालाही ती रोज पाणी घालत होती. तो उगवला नाही. पण बियाही उगवल्या नाहीत, त्यामुळे खड्याला एकट्यालाच दोष देता येत नाही.

बाकीच्या बागेचं म्हणाल, तर मेथी वीतभर आली आणि एका सकाळी तिची नुसती दांडकी उरली. मुळ्याची पानं अशी माजली की सुरंगीने कौतुकाने एक मुळा उपटला, तर खाली शेपटाएवढं काहीतरी निघालं. दोडक्याने मांडव झाकून टाकला, बाजूचं झुडूप झाकलं, बिळाचं दारही निम्मं झाकलं, पण फूल म्हणून धरलं नाही. आणि वाफ्यांच्या मध्ये, कडेला, मागे, जिथे म्हणून सुरंगीचा हात पोचला नव्हता तिथे तण गुडघाभर वाढलं. एकट्या जिवाने किती ओढायचं.

पालक तेवढा बरा आला. कणीने त्याचं एक पान खाल्लं. अख्खं नाही, निम्म्याहून थोडं जास्त.

दुसऱ्या पौर्णिमेला सुरंगीने डोळे मिटून कणीला झोळीत ठेवलं. फांदी खाली आली. रेघेपासून एकच बोट वर राहिली.

इंदुताई म्हणाली, "अगं, काय दिलंस हिला?"

"पालक," सुरंगी म्हणाली. आणि तिचा तिच्यावरच विश्वास बसला.

बातमी पसरली. त्या तीन मैत्रिणी पालकाचं बी मागायला आल्या. भारद्वाज सरांनी पुढच्या कार्यशाळेत सुरंगीचं नाव घेतलं आणि तिच्या बागेला आदर्श परसबाग म्हणून जाहीर केलं. आता एकदा बाग आदर्श झाली, की ती बघायला लोक येतात. आणि लोक येणार म्हटलं की आवरायला हवं.

सुरंगीने तणाचा बारीकसारीक कोंब शिल्लक ठेवला नाही. वाफे दोरी लावल्यासारखे सरळ. मधली माती सारवल्यासारखी. येसूआत्यांच्या बाजूला ढीगच्या ढीग गेले. त्यातल्या एकाचीही त्यांनी तक्रार केली नाही.

सर दर दोन दिवसांनी पाहणीला येत. वाफ्यांतून मोजून पावलं टाकत, मध्येच खाली वाकून एखादी अळी उचलत आणि म्हणत, "समाधानकारक."

खणायचं काम संपलं होतं, त्यामुळे सुरंगीची झोप परत उडाली. मग ती दुपारभर दाराशी बसून कणीकडे बघत राहायची. बाग अशी स्वच्छ होती की कणी कुठेही असली तरी दिसायची. ती पालकाच्या वाफ्यात मधोमध बसायची. सुरंगी म्हणायची, खा. कणी एक पान तोंडात घ्यायची. सुरंगी म्हणायची, गिळ. कणी तिच्याकडे बघत राहायची. दोघी अशा बघत बसत. येणारेजाणारे म्हणत, किती लक्ष आहे हिचं मुलीकडे.

पंधरा दिवसांनी सुरंगीने कणीला उचललं, तर ती पुन्हा हलकी लागली. तिने मांडवाची सगळ्यात बारीक काठी निवडली आणि कणीला म्हणाली, हिला लोंबकळ. कणी आनंदाने लोंबकळली. काठी हललीसुद्धा नाही.

तिने सरांना विचारलं. सर म्हणाले, निगा कमी पडते आहे.

मग सुरंगीने आणखी निगा घेतली. कुंपणाच्या मुळाशी आघाड्याचा एक कोंब राहिला होता, तो काढायला ती आत शिरली आणि बाभळीचा काटा तिच्या पंज्यात खोल मोडला. पंजा टम्म सुजला. वर पावसाने नऊ दिवस झोडपायला घेतलं.

येसूआत्या कुंपणाच्या फटीतून कसलासा पाला वाटून घेऊन आल्या. त्यांनी तो पंज्याला बांधला आणि उरलेला तिला खायला लावला. काटे कसे काढायचे हे त्यांच्याहून जास्त कोणाला माहीत असणार. तो पाला पोटात गेला की सुरंगीला अशी झोप यायची की तिला आपण आई आहोत हेही आठवायचं नाही.

बाहेर बागेचं व्हायचं ते झालं. पालक कुजला. मुळे फुटले. मांडव एका बाजूला कलंडला आणि दोडक्याचा वेल त्याच्यावरून उतरून ओढ्याच्या दिशेने निघून गेला. बाकी सगळीकडे तण आलं. गुडघाभर, मग कमरेएवढं, मग कानांच्याही वर. सुरंगीला मधूनमधून जाग यायची तेव्हा ती दारातून ते बघायची आणि तिला लाज वाटायची. पाठोपाठ कणीची काळजी वाटायची. ती वाटता वाटता डोळा लागायचा.

तिसऱ्या पौर्णिमेला चार दिवस उरले तेव्हा सूज उतरली. त्याच दिवशी जंगलात रानभाजी महोत्सव भरला होता.

जंगलात रानभाजी महोत्सव कशाला, असं विचारू नका. तो भारद्वाज सरांनीच भरवला होता. सर म्हणाले होते की आपण आपल्या मातीतली भाजी विसरत चाललो आहोत. दवंडीत सांगितलं होतं की इथे दुर्मिळ आणि अत्यंत पौष्टिक भाज्या बघायला मिळतील, अशक्त पिल्लांच्या मातांनी अवश्य यावं. अशक्त पिल्लाची माता लंगडत गेली. सगळ्यात लांब रांग एकाच मांडणीसमोर होती. सुरंगी त्या रांगेत उभी राहिली. दुखऱ्या पंज्यावर उभं राहवेना, तरी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा समोर येसूआत्या बसल्या होत्या.

त्यांच्यापुढे द्रोण मांडलेले होते. प्रत्येक द्रोणावर पानाची चिठ्ठी. घोळ, थंड. टाकळा, पोटाला हलका. कुरडू, अशक्तपणावर.

सुरंगी बराच वेळ त्या चिठ्ठ्या वाचत राहिली.

"आत्या, हे कुठून आणलंत?"

"तुझ्याकडूनच की गं," आत्या म्हणाल्या. "तू टाकत होतीस, मी खात होते. खाऊन उरलं त्यातलं मुळासकट लावून टाकलं. म्हटलं, पोरीला सांगावं. पण तू कार्यशाळेला गेलेली, तुला मी काय सांगणार?"

मागची रांग पुढे सरकायला लागली होती. सुरंगीने कुरडूचा एक द्रोण घेतला, आणि हे सांगायला मला वाईट वाटतं, पण आत्यांचे आभारही मानले.

घरी येऊन तिने द्रोण कणीपुढे ठेवला आणि सवयीने समोर बघत बसली.

कणीने वाकून पाहिलं. मग म्हणाली, "हे आपल्या मागे आहे."

"काय?"

"हेच. खूप आहे. मी खाते ना."

"कधी खातेस?"

"तू झोपलीस की."

सुरंगीला तीन गोष्टी एकामागून एक वाटल्या. आधी आनंद झाला. मग आपण कुंपणापलीकडे काय काय फेकलं ते आठवलं. आणि मग, खोटं कशाला बोला, तिला थोडा रागही आला.

"आणि मी जागी असते तेव्हा का नाही खात?"

कणीने विचार केला. ती प्रत्येक गोष्टीचा विचार करायची, हा गुण तिने आईकडूनच घेतला होता.

"तू बघतेस ना," ती म्हणाली, "मग ते गालात अडकतं."

त्या दिवशी सुरंगी बागेकडे पाठ करून बसली. फार अवघड गेलं. मागून पानं चावल्याचा आवाज येत होता. तिने दोनदा मान वळवायला घेतली आणि दोन्ही वेळा स्वतःचा कान चावून धरला. चार दिवस तिने हेच केलं.

तिसऱ्या पौर्णिमेला कणी झोळीत बसली. फांदी वाकली. रेघेला टेकली. रेघेच्या खाली एक बोट गेली आणि तिथे हलत राहिली. इंदुताईने रेघेवरची धूळ पुसून पुन्हा पाहिलं. मग त्या तीन मैत्रिणी म्हणाल्या की आम्हाला पहिल्यापासूनच वाटत होतं.

आता गोष्ट इथे संपायला हवी होती. सुरंगीलाही तसंच वाटलं. ती कणीला घेऊन निघणार, तेवढ्यात इंदुताईने तिला बाजूला घेतलं. म्हणाली, फांदी रेघेखाली नेणारं पिल्लू या वर्षात हे पहिलंच. कोल्हेसरांना कळवलं आहे. उद्या दिवेलागणीला ते स्वतः घरी येणार, बागेत सत्कार करणार आणि कणीला शिबिराच्या समारोपाला बरोबर नेणार. प्रमुख पाहुणी म्हणून.

सुरंगीने विचारलं, "समारोपाला काय असतं?"

"जेवण असतं."

"जेवायला कोण कोण असतं?"

इंदुताईने आठवून पाहिलं. "सर असतात," ती म्हणाली. आणि मग नेहमीचंच म्हणाली, की सुरंगी, तू फार विचार करतेस. पण या वेळी म्हणताना ती मध्येच जराशी थांबली.

दुसऱ्या दिवशी सुरंगी पुन्हा भरदुपारी जागी होती. पिल्लू बारीक होतं म्हणून नेणार होते. पिल्लू धडधाकट झालं म्हणूनही नेणार आहेत. यात काहीतरी गडबड आहे, असं तिला वाटत होतं. पण तिला तर दव गार असतं तेव्हाही गडबड वाटायची. आपण सत्काराला घाबरतो आहोत, असंही तिने स्वतःला सांगून पाहिलं. तिला ते थोडंसं पटलंसुद्धा.

कणीचे बाबा उठले. त्यांनी बागेकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे असंच ठेवणार? पाहुणे यायचेत."

मुलांनो, या वाक्यापुढे कुठल्याही आईचं काही चालत नाही. वणवा लागला आहे आणि पाहुणे विझवायला येत आहेत असं कळलं, तरी आई आधी बिछाने गुंडाळते. सुरंगी उठली. लंगडत बागेत गेली. समोरच आघाड्याचं एक दणकट रोप उभं होतं. तिने ते धरलं आणि मुळासकट उपटलं.

रोप हातात आलं आणि त्याच्यामागे एक कान दिसला. डावा, जरा लांब. कणी तिथे पाठमोरी बसून खात होती. तिला काही कळलं नव्हतं. एक रोप गेलं तर एवढी दिसली. सगळं काढलं असतं, तर कुंपणापासूनच दिसली असती.

सुरंगी हातात रोप घेऊन उभी राहिली. तिला काहीही सिद्ध करता येत नव्हतं. अभ्यास सगळा सरांच्या बाजूने होता, निकाल शंभर टक्के होता, आणि तिच्याकडे फक्त एक काळजी होती, तीही तिच्यासारखीची.

तिने ते रोप परत खड्ड्यात ठेवलं. माती दाबली. आणि मग त्याला पाणी घातलं.

दिवेलागणीला कोल्हेसर आले. शेपूट विंचरलेलं, गळ्यात उपरणं. बरोबर इंदुताई होती आणि भारद्वाज सर होते. कुंपणाच्या पलीकडे येसूआत्या येऊन उभ्या राहिल्या.

"आदर्श परसबाग कुठे आहे?" कोल्हेसरांनी विचारलं.

"हीच," सुरंगी म्हणाली. "आवरायची राहून गेली."

भारद्वाज सरांनी लाल डोळे मिटून घेतले. कोल्हेसर मात्र समजूतदारपणे हसले. आईलोकांचं हे असं होतंच, ते म्हणाले. मग त्यांनी तणाकडे बघत गोड आवाजात हाक मारली. "कुठे आहे आमची गुणाची कणी?"

तण डावीकडे हललं. मग उजवीकडे हललं. मग कुठेच हललं नाही. कोल्हेसर दोन पावलं आत गेले. आघाड्याची कणसं त्यांच्या विंचरलेल्या शेपटाला ओळीने चिकटली. ते बाहेर आले, शेपूट झटकलं. कणसं निघाली नाहीत.

"बोल ना बाळा सरांशी," इंदुताई म्हणाली.

आता सगळ्यांनी सुरंगीकडे पाहिलं. अशा वेळी आईने म्हणायचं असतं, पुढे ये, नमस्कार कर. ते शब्द सुरंगीच्या ओठांपर्यंत आलेच होते. तिने ते तोंडातच ठेवले. गालात धरले. कणीला हे कसं जमतं ते तिला पहिल्यांदाच कळलं.

कोल्हेसर गुडघ्यांवर बसले. त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. ते म्हणाले की नदीपलीकडे खूप मुलं आहेत, खूप मजा आहे. समारोपाला मोठं जेवण आहे आणि कणीशिवाय ते होणारच नाही.

"तुला काय आवडतं खायला? सांग. संकोच करू नकोस."

तणात चावण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. मग टाकळ्याच्या मधून कुठूनतरी, तोंडात घास असताना, कणी म्हणाली,

"तुम्हाला काय आवडतं?"

तात्पर्य: मुलांनो, घराची बाग नेहमी आवरलेली असावी, म्हणजे पाहुण्यांना मूल चटकन सापडतं. पुढ्यात येईल ते मुकाट्याने खावं, आणि मोठ्यांनी प्रश्न विचारला तर उलट प्रश्न विचारू नये. हे सगळं पाळणाऱ्या पिल्लांची नावं नदीपलीकडच्या फलकावर सुवाच्य अक्षरांत लिहिलेली आहेत. कणीचं तेवढं राहून गेलं.